आधीं ओळख, मग उपाय : चपट्या कृमींविषयीं

शेतांत सांपडलेल्या कोणत्याही जीवाचा बंदोबस्त करण्यापूर्वीं त्याचें नांव नक्की केलें पाहिजे, हें तत्त्व आमच्या शेतकरीवर्गास नवें नाहीं. वाळवीवरील औषध माव्यावर चालत नाहीं आणि तांबेऱ्याचा उपाय मुळकुजीस लागू पडत नाहीं, हें आज घरांतल्या पोरासही ठाऊक असतें. परंतु एका जीववर्गाच्या बाबतींत हें तत्त्व आपण अद्याप लाविलेलें नाहीं. तो वर्ग चपट्या कृमींचा होय. पावसाळ्यांत कुंडीखालीं, केळीच्या बुंध्याशीं किंवा गांडूळखताच्या वाफ्यांत एखादा लांबट, चिकट, पट्टेदार जीव दिसतो. कोणी त्यास जळू म्हणतो, कोणी सापाचें पिलूं म्हणतो, तर कोणी विचित्र गांडूळ समजून सोडून देतो. तसेंच शेततळ्यांतील मासे पाण्याच्या वरच्या अंगास येऊन धापा टाकूं लागले म्हणजे 'रोग पडला' एवढें बोलून आपण मोकळे होतों. दोन्ही ठिकाणीं कारण चपटा कृमि असूं शकतो, आणि दोन्ही ठिकाणीं नांव न कळल्यामुळें भलताच उपाय होतो.

आमचें आयुष्य महसूल खात्याचें दप्तर सांभाळण्यांत गेलें. जमीन किती कसाची, पीक किती, आकार किती, हे सारे प्रश्न मागाहूनचे. आधीं गट नंबर बरोबर पाहिजे, ही गोष्ट तेथें अंगीं बाणते. एकाच नांवाचीं दोन शेतें असलीं, किंवा एकाच शेतास दोन नांवें पडलीं, म्हणजे केवढा घोळ होतो हें वाचकांस सांगावयास नको. प्राणिशास्त्राचें दप्तरही असेंच आहे. स्वीडनचे पंडित लिनीअस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्रत्येक प्राण्यास दोन शब्दांचें एक नांव देण्याची रीत चालू आहे. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्या जातीचा. नवी जात नोंदवितांना तिचा एक नमुना संग्रहालयांत कायम ठेवितात. पुढें वाद पडला तर, हद्दीच्या तंट्यांत मूळ मोजणीचा नकाशा काढावा तसा, तो नमुना काढून पाहतात.

चपट्या कृमींचा पसारा फार मोठा आहे, परंतु शेतकऱ्यानें चार भाग ध्यानीं धरले म्हणजे पुरे. पहिला भाग मोकळे राहणाऱ्यांचा. हे ओल्या जमिनींत किंवा पाण्यांत राहून शिकार करितात. दुसरा पर्णकृमींचा, गाई-म्हशींच्या व शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतांत राहणारा पानासारखा कृमि यांतलाच, आणि त्याचें अर्धें आयुष्य पाणगोगलगाईच्या पोटांत जातें. तिसरा पट्टकृमींचा, यांस स्वतःचें आंतडेंच नसतें, यजमानाच्या आंतड्यांत चिकटून ते अंगानेंच अन्न शोषितात. चौथा भाग माशांच्या कातडीस व कल्ल्यांस शेपटाकडील आंकड्यांनीं धरून राहणाऱ्या बारीक कृमींचा.

जमिनीवरील चपटा कृमि ओळखणें अवघड नाहीं. गांडुळाच्या अंगावर वलयें असतात, याच्या अंगावर नसतात. जळूस दोन्ही टोकांस चोषक असतात, यास नसतात. बिनशंखाच्या गोगलगाईस शिंगें असतात, तींही यास नसतात. याचें अंग चपटें व गुळगुळीत असतें, आणि तोंड डोक्यास नसून पोटाखालीं मध्यभागाजवळ असतें. कांहीं जातींचें डोकें अर्धचंद्रासारखें किंवा फावड्यासारखें पसरट असतें. ही ओळख कुळापर्यंत पोंचविते. पक्की जात ठरविण्यास मात्र तज्ज्ञास त्याच्या अंगाचे पातळ काप करून जननेंद्रियें तपासावीं लागतात, आणि अलीकडे आनुवंशिक द्रव्याचीही तपासणी करितात.

फावड्यासारख्या डोक्याच्या कृमींपैकीं सर्वांत प्रसिद्ध जातीस मोझले या प्राणिशास्त्रज्ञांनीं १८७८ सालीं नांव दिलें. नमुना लंडनजवळील क्यू येथील वनस्पतिउद्यानाच्या कांचगृहांत सांपडला, म्हणून नांव बायपेलियम क्यूएन्स असें पडलें. परंतु तो कृमि तेथला नव्हेच. व्हिएतनाम-कंबोडियाच्या बाजूस त्याचें मूळ घर असावें असें मानितात. पंचनामा ज्या गांवीं झाला तें गांव आरोपीचें असतेंच असें नाहीं, तसाच हा प्रकार आहे. कुंड्यांच्या मातींतून हा जीव जगभर पसरला. एक फुटापर्यंत लांब, फिकट अंग, पाठीवर पांच गडद रेषा, हें त्याचें रूप. तो गांडुळें खातो, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागांत गांडुळें पाळणाऱ्यांस त्याचा उपद्रव पूर्वीपासून ठाऊक आहे.

आतां येथें नांवाचें महत्त्व पाहा. बिनशंखाची गोगलगाय समजून एखाद्यानें खुरप्यानें याचे दोन तुकडे केले तर मरणें दूरच, तुकड्यांचे नवे कृमि होतात. शेपटाचा तुकडा तोडून टाकणें हीच याच्या वंशवाढीची नेहमींची रीत आहे. शिवाय फुगा माशांत असतें तें विष या कुळांतील दोन जातींच्या अंगांत असल्याचें २०१४ सालीं दाखविण्यांत आलें. म्हणून यास उघड्या हातानें धरूं नये आणि कापूं तर मुळींच नये. काडीनें उचलून दाट मिठाच्या पाण्यांत टाकावें.

गांडुळांचा नाश शेतास किती जाचतो याचें उदाहरण आयर्लंड व स्कॉटलंड येथें मिळतें. न्यूझीलंडचा एक चपटा कृमि १९६३ सालीं बेलफास्ट येथें व थोड्याच दिवसांत स्कॉटलंडांत आढळला. तो बहुधा रोपांच्या मुळांशीं असलेल्या मातींतून आला. खोल बिळें करणाऱ्या मोठ्या गांडुळांवर त्याचा घाला विशेष पडला. आणि पाणी मुरविण्याचें काम तर हींच गांडुळें करितात.

कोणी म्हणेल, ही ओळख शास्त्रज्ञांनीं करावी, शेतकऱ्याचें तेथें काय काम? फ्रान्स देशाचा अनुभव याच्या उलट आहे. तेथें बागवान, शेतकरी व सामान्य नागरिक यांनीं पाठविलेल्या छायाचित्रांवरून व नमुन्यांवरून परक्या कृमींची नोंद झाली. ओबामा नुंगारा नांवाची दक्षिण अमेरिकेंतील एक जात त्या देशाच्या ९६ जिल्ह्यांपैकीं ७२ जिल्ह्यांत पसरल्याचें २०१३ ते २०१८ या काळांत आलेल्या पांचशेंहून अधिक नोंदींवरून कळलें. हें नांव कोणा राष्ट्राध्यक्षाचें नव्हे; ब्राझीलच्या तुपी भाषेंत त्याचा अर्थ 'पानासारखा प्राणी', आणि नुंगारा म्हणजे 'सारखा'. दुसऱ्या एका जातीशीं त्याचें इतकें साम्य कीं, २०१६ सालीं स्वतंत्र नांव मिळेपर्यंत दोहोंचा घोटाळा होत असे. पुढें आनुवंशिक तपासणीवरून युरोपांतले हे कृमि अर्जेंटिनाहून आले असें ठरलें. ही सारी साखळी सामान्य माणसांच्या नोंदींशिवाय जुळली नसती.

आतां माशांकडे वळूं. नॉर्वे देशांत १९७० नंतरच्या दशकांत स्वीडनकडून आलेल्या माशांबरोबर अर्ध्या मिलिमीटरचा एक कृमि आला. त्याचें नांव गायरोडॅक्टिलस सलारिस. १९५७ सालीं माल्मबर्ग यांनीं तें स्वीडनमधील नमुन्यांवरून दिलें होतें. बाल्टिक समुद्राकडील सामन मासा या कृमीस सोसतो. नॉर्वेच्या नद्यांतील सामन सोसत नाहीं. सुमारें पन्नास नद्यांत हा कृमि शिरला, आणि तो काढण्यासाठीं कित्येक नद्यांत विष घालून सगळेच मासे मारावे लागले व नंतर पुन्हां बीज सोडावें लागलें. या कृमीच्या शेपटाकडे दोन मोठे व सोळा बारीक आंकडे असतात आणि त्यांच्या घाटावरून जात ओळखितात. ग्रेलिंग नांवाच्या माशावर राहणारा त्याचा भाऊबंद इतका सारखा आहे कीं, दोन जाती मानाव्या कीं एक, याविषयीं पंडितांत वाद आहे. उलट एकाच प्राण्यास अनेक नांवें पडल्याचेंही उदाहरण आहे. गवत्या माशाबरोबर पूर्व आशियांतून जगभर गेलेल्या एका पट्टकृमीच्या निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नांवांनीं नोंदी झाल्या, आणि तो एकच आहे हें मागाहून उमगलें.

आमच्या शेततळ्यांतील कटला, रोहू व मृगळ यांस मुख्यतः दोन कुळांचे असे कृमि लागतात, आणि शेतकऱ्याच्या खिशाचा संबंध येतो तो येथेंच. एक डॅक्टिलोगायरस, हा बहुतेक कल्ल्यांवर राहतो, सूक्ष्मदर्शकाखालीं त्याच्या डोक्याशीं चार काळे ठिपके दिसतात, आणि तो अंडीं घालितो. दुसरा गायरोडॅक्टिलस, हा बहुधा कातडीवर व परांवर राहतो, त्यास ते ठिपके नसतात, आणि तो अंडीं न घालितां जिवंत पिलूं प्रसवतो, त्या पिलाच्या पोटांत पुढचें पिलूंही तयार असतें. आतां मिठाच्या पाण्यानें किंवा दुसऱ्या औषधानें धुतलें तर मोठे कृमि मरतात, अंडीं मात्र टिकतात. म्हणून पहिल्या कुळावर कांहीं दिवसांनीं उपाय पुन्हां करावाच लागतो; दुसऱ्यावर एक पुरता उपाय बरेंच काम करितो. ही ओळख न करितां एकदांच औषध घालून 'औषध खोटें' असें म्हणणारे आम्हीं पाहिले आहेत. तसेंच ढगाळ पहाटे मासे वर येतात तें पुष्कळदां पाण्यांतील प्राणवायु कमी झाल्यामुळें. तेथें कृमींचें औषध घालणें म्हणजे पैसा पाण्यांत टाकणें होय.

ज्या कारणासाठीं आम्हीं लेखणी उचलली तें कारण मात्र गोगलगाईंचें आहे. २०२२ सालच्या खरिपांत लातूर, बीड व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनीं सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले आणि कित्येकांस दुबार पेरणी करावी लागली. अशा वेळीं 'गोगलगाय खाणारा किडा आणून सोडावा' ही कल्पना कोणासही गोड वाटेल. तसा किडा खरोखरच आहे. न्यू गिनींतील प्लॅटिडेमस मानोक्वारी या जातीस १९६३ सालीं नांव मिळालें. दोन इंच लांब, काळसर, पाठीवर एक फिकट रेषा, निमुळतें डोकें व दोन ठळक डोळे, असा तो असतो. फिलिपाइन्समधील बुगसुक बेटावर १९८१ सालीं मुद्दाम तो सोडण्यांत आला, मालदीव बेटांतही सोडण्यांत आला, आणि आफ्रिकेची मोठी गोगलगाय कमी झाली हें खरें. परंतु ग्वाम व ओगासावारा यांसारख्या बेटांवर जेथें जेथें तो पोंचला, तेथें तेथें निरुपद्रवी देशी गोगलगाईंवरही त्यानें हात मारिला. ती खुंटली तर तो गांडुळांकडे वळतो. जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जीवांच्या यादींत आज त्याचें नांव आहे, आणि २०१३ सालीं तो फ्रान्समधील एका कांचगृहांतही सांपडला.

वाचकांनीं हेंही विसरूं नये कीं, आफ्रिकेची ती मोठी गोगलगाय या देशांत आपल्या पायांनीं आली नाहीं. १८४७ सालीं एका हौशी गृहस्थानें ती मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या एका बागेंत सोडली असें सांगतात. एका हौशीचें फळ देश अजून भोगतो आहे. तें निस्तरण्यासाठीं दुसरी हौस नको. परदेशी जीव परवानगीवांचून आणण्यास २००३ सालच्या वनस्पति-संगरोध आदेशान्वयें मनाई आहेच, परंतु कायद्याआधीं शहाणपणानेंच आपण थांबावें. संध्याकाळीं ओलें गोणपाट पसरून सकाळीं खालच्या गोगलगाई वेंचाव्या, मिठाच्या पाण्यांत बुडवाव्या, अंडीं उकरून नष्ट करावीं; आणि हें काम एका गड्यानें न करितां सबंध शिवारानें एकाच वेळीं करावें. हा उपाय कष्टाचा खरा, पण परत घेतां येतो. सोडलेला कृमि परत बोलावितां येत नाहीं.

याच्या उलट टोकासही जाऊं नये. सह्याद्रीच्या ओल्या रानांत आपले स्वतःचे देशी चपटे कृमि आहेत. ते पिढ्यान् पिढ्या येथें नांदत आहेत आणि त्यांचा शेतास उपद्रव नाहीं. पट्टेदार जीव दिसला कीं ठेंचावा, ही बुद्धि परका व घरचा यांतील भेद न ओळखण्याची आहे. भेद ओळखावयाचा तर पुन्हां नांवच पाहिजे.

म्हणून सभासदांस आमची सूचना अशी. रोपवाटिकेंतून आणलेल्या कुंडीचें तळ व मुळांची माती पाहिल्यावांचून रोप बागेंत लावूं नये. माशांची बोटुकली आणली कीं थेट तळ्यांत न सोडितां कांहीं दिवस वेगळ्या टाकींत ठेवावी आणि दोनचार माशांचे कल्ले मत्स्यविभागाकडून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घ्यावे. अनोळखी कृमि सांपडल्यास शेजारीं आगपेटी ठेवून पाठीचें, पोटाचें व डोक्याचें छायाचित्र घ्यावें; नमुना शुद्ध मद्यार्कांत बाटलींत घालून आंत शिसपेन्सिलीनें लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि तींत गांव, तालुका, गट नंबर, तारीख व कशाखालीं सांपडला हें लिहावें. चिठ्ठीवांचून नमुना म्हणजे सहीवांचून दस्तऐवज. आपल्या संस्थेनें एक नोंदवही उघडावी आणि नमुने कृषि विद्यापीठाकडे किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणें येथील केंद्राकडे पाठवावे. खर्च फारसा नाहीं. बाटल्या, मद्यार्क आणि टपालहंशील एवढाच.

नोंद झाली म्हणजे पीक वांचलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु नोंद नसेल तर नुकसान कोणी केलें, केव्हांपासून केलें आणि पुढें कोणत्या शिवारांत तें पोंचेल, यांपैकीं एकाही प्रश्नास उत्तर देतां येत नाहीं. येत्या मृगापूर्वीं ही वही उघडली जावी, एवढीच आमची व्यवस्थापक मंडळास विनंति आहे.