तरुणांनो, उभे राहा आणि बोला

आपल्या मंडळांच्या सभांचे चित्र वाचकांच्या परिचयाचे आहे. अध्यक्ष बोलतात, चिटणीस अहवाल वाचतात, आभार मानले जातात आणि सभा संपते. तरुण मंडळी शेवटच्या रांगेत गप्प बसलेली असतात. त्यांच्याजवळ विचार नाहीत असे नव्हे. चार लोकांसमोर मराठीत चूक झाली तर हसे होईल, ही भीती त्यांना बसू देते, उठू देत नाही.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसजवळ, ईडन प्रेरी हे गाव आहे. नोकरीनिमित्त गेलेली भारतीय कुटुंबे तेथेही आहेत. अशा गावांत भाषणाचा सराव करण्यासाठी लोक टोस्टमास्टर्स क्लबात जातात. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेली ही चळवळ आज जगभर पसरली आहे. १९७३ पासून स्त्रियांनाही तिची दारे खुली झाली.

तेथील रीत साधी आहे. नवा सभासद पहिल्या भाषणात चार ते सहा मिनिटे स्वतःचीच ओळख करून देतो. कधी ऐनवेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलावे लागते. एक जण वेळ पाहतो, दुसरा 'अं, अं' किती वेळा झाले ते मोजतो, तिसरा आधी गुण सांगून मग दोष दाखवितो. ही कामे आळीपाळीने सर्वांकडे येतात. म्हणून बोलण्याबरोबर सभा चालविण्याचेही शिक्षण मिळते.

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेथे विद्वान बोलत आणि लोक ऐकत. ती परंपरा थोरच. पण केवळ ऐकून कोणी वक्ता होत नाही. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही.

जवळपास असा क्लब असेल तर तरुणांनी त्यात जरूर जावे. शिवाय प्रत्येक मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी. पाच मुलामुलींनी दोन-दोन मिनिटे मराठीत बोलावे. मध्येच क्रिओल शब्द आला तर वडीलधाऱ्यांनी हसू नये. आधी शाबासकी द्यावी, मग योग्य शब्द सांगावा. दरवेळी सूत्रसंचालनही नव्या हाती द्यावे.

आपल्या आजोबा-पणजोबांनी दिवसभर उसाच्या शेतात राबून रात्री बैठकांतून भाषा जपली. उद्या गणेशोत्सवाच्या सभेत मराठीत दोन शब्द बोलणारा कोणी उरला नाही, तर तो दोष केवळ तरुणांचा असणार नाही. त्यांना उभे राहायला जागा न देणाऱ्या आपणा सर्वांचा असेल.