दवाखान्याची फी आधी कळणार का? नियम आहेत, पाटी कुठे आहे?

वर्धा : लेकराला ताप आला किंवा घरच्या म्हातारीची शुगर वाढली, की एक माणूस आजारी आणि दुसऱ्याचा रोज बुडतो. आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडच्या गावातून सकाळची एसटी धरून तालुक्याला किंवा वर्ध्याला यायचं, दवाखान्यात नंबर लावायचा आणि मग कळतं की डॉक्टर आज दुपारनंतर येणार. कधी नंबर लागतो, पण फी ऐकून खिशातले पैसे मोजावे लागतात. तपासणीचे पैसे दिले की औषधाला उरत नाहीत, औषध घेतलं की परतीच्या तिकिटाची पंचाईत.

डॉक्टर कधी भेटणार आणि किती पैसे लागणार, या दोनच गोष्टी पेशंटला घरून निघण्याआधी माहीत हव्या असतात. त्या सांगायचे नियम आहेत. पण सगळ्या दवाखान्यांना एकच नियम लागू नाही आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

दवाखाना कोणता, त्यावर नियम

वर्धा जिल्ह्यातला पेशंट साधारण चार प्रकारच्या ठिकाणी जातो : सरकारी दवाखाना, संस्थेचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, खाटा असलेलं खासगी हॉस्पिटल आणि गावातला किंवा तालुक्यातला एकट्या डॉक्टरचा दवाखाना.

सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांचं उत्तर सोपं आहे. राज्य सरकारने 15 ऑगस्ट 2023 पासून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयातली तपासणी आणि उपचार मोफत केले. केस पेपरचे पैसेही बंद झाले. म्हणजे वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा हिंगणघाट आणि आर्वीची उपजिल्हा रुग्णालये इथे केस पेपर काढावा लागतो, पण त्याची फी नाही.

गैरसमज होतो तो दुसऱ्या प्रकारात. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही जिल्ह्यातली सगळ्यात मोठी रुग्णालये. गावात अनेक जण त्यांनाही 'सरकारी' म्हणतात. पण ती आरोग्य विभागाची नाहीत, संस्थांनी चालवलेली आहेत. त्यामुळे 2023 चा मोफत केस पेपरचा निर्णय तिथे लागू होत नाही. त्यांचे दर आणि सवलती त्यांच्या स्वतःच्या आहेत. 'सरकारी आहे, पैसे लागत नाहीत' असं समजून निघालेला माणूस काउंटरवर अडतो तो यामुळेच. तिथे जाण्याआधी त्या विभागाची ओपीडी कोणत्या दिवशी असते आणि सुरुवातीला किती पैसे लागतात, हे फोनवर विचारलेलं बरं.

खाटांचं हॉस्पिटल : दर भिंतीवर हवेत

पेशंटला भरती करून घेणाऱ्या खासगी हॉस्पिटलला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, 1949 लागू होतो. त्याचे नियम जानेवारी 2021 मध्ये बदलले. खाटेचं रोजचं भाडं, डॉक्टरच्या भेटीची फी यांसारखे दर दिसतील अशा जागी लावणं आणि रुग्ण हक्कांची सनद लावणं हॉस्पिटलला बंधनकारक झालं. तक्रार ऐकण्याची सोयही ठेवावी लागते. जिल्ह्यात या नोंदणीचं काम जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या पातळीवर चालतं. भिंतीवर दरपत्रक नसेल तर ते कुठे आहे, हे विचारण्याचा पेशंटला हक्क आहे.

दर किती असावेत हे मात्र हा नियम सांगत नाही. खासगी डॉक्टरची फी सरकार ठरवत नाही. ती आधी कळावी, एवढीच अट आहे. त्यामुळे 'फी जास्त आहे' ही तक्रार टिकणं कठीण. 'फी सांगितली नाही, पावती दिली नाही' ही तक्रार टिकू शकते. हा फरक लक्षात ठेवला तर भांडण योग्य जागी होतं.

एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात सगळ्यात मोठी फट

गावातला बहुतेक पेशंट पहिल्यांदा जातो तो एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात. तिथे खाटा नसतात, म्हणून 2021 चे ते नियम लागत नाहीत. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा छोट्या दवाखान्यांनाही धरतो, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

मग उरते ती डॉक्टरांची आचारसंहिता. 2002 च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार डॉक्टरने आपली फी दवाखान्यात स्पष्ट लावायची असते. नोंदणी क्रमांकही दिसला पाहिजे आणि तो चिठ्ठीवर व पैशाच्या पावतीवर असला पाहिजे. 2023 मध्ये नवे नियम आले होते, पण काही दिवसांतच ते स्थगित झाले. त्यामुळे 2002 चेच नियम चालू आहेत.

एमबीबीएस डॉक्टरांची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. पण तालुक्याच्या गावी बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरही भरपूर आहेत. त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. एका साध्या पाटीसाठी तीन वेगवेगळे दरवाजे, आणि तेही मुंबईत. ज्याची एक दिवसाची मजुरी बुडाली म्हणून जीव कासावीस होतो, तो मुंबईला तक्रार कशाला करणार? नियम कागदावर राहतो तो इथे.

नंबराचं गणित

वेळेचा प्रश्न फीपेक्षाही अवघड आहे. शहरात मोबाईलवर सकाळी 11:20 ची वेळ मिळते. गावचा माणूस एसटीच्या वेळेने चालतो. गाडी चुकली की नंबर गेला. तातडीचा पेशंट आला की रांग थांबते आणि ते बरोबरच आहे. सापाने चावलेला माणूस दारात असताना सर्दीवाल्याने थांबायचंच असतं. त्यामुळे तालुक्याच्या डॉक्टरला मिनिटामिनिटाची वेळ देणं जमत नाही, यात तथ्य आहे.

पण 'डॉक्टर उद्या नाहीत' हे आदल्या दिवशी सांगायला काही खर्च येत नाही. वर्धा-नागपूरहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या बाबतीत तर ते फारच गरजेचं आहे. दारावर नंबर लिहिलेला एक फोन, कंपाउंडरने टाकलेला एक व्हॉट्सॲप मेसेज, नंबर देताना 'दुपारी दोनच्या आधी लागणार नाही' एवढा एक शब्द पुरतो. बाहेरगावच्या पेशंटला परतीची गाडी किती वाजता आहे हे विचारून नंबर पुढे-मागे केला, तर पुढचं निम्मं भांडणच होणार नाही.

योजनेचं कार्ड कुठे चालतं?

आणखी एक गोंधळ कार्डाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते भरती होऊन घेतलेल्या ठराविक उपचारांसाठी, आणि तेही योजनेतल्या रुग्णालयात. साध्या तपासणीची फी त्यात येत नाही. कार्ड दाखवून डॉक्टरची फी माफ होईल असं समजणं चूक आहे. भरती व्हायची वेळ आली तर मात्र पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला भेटावं. योजनेची चौकशी 155388 या क्रमांकावर करता येते. तातडीच्या वेळी 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे.

ज्वारी देऊन ठरलेला हिशेब

विशेष म्हणजे फी आधी ठरवण्याचा धडा याच जिल्ह्याने देशाला दिला आहे. सेवाग्रामच्या रुग्णालयाने भोवतालच्या गावांसाठी आरोग्य विमा चालवला, त्यात सुगीनंतर लोक ऐपतीप्रमाणे ज्वारी देत. आजार यायच्या आधीच हिशेब गावात सगळ्यांसमोर व्हायचा आणि मग उपचारात सवलत मिळायची. आज ज्वारीचा पेराच कमी झाला, ती गोष्ट वेगळी. पण किती द्यायचं आणि त्या बदल्यात काय मिळणार, हे निरोगी असताना माहीत असणं, हेच त्या योजनेचं बळ होतं.

पेशंटने काय विचारावं?

• निघण्याआधी फोनवर : डॉक्टर आज आहेत का, नंबर कधीपासून लावतात, पहिल्या तपासणीची फी किती?

• काउंटरवर : फेरतपासणीला किती दिवस फी लागत नाही? रात्रीची किंवा रविवारची फी वेगळी आहे का?

• रक्त, सोनोग्राफी लिहून दिली तर : आजच करायची का, आणि अंदाजे किती लागतील?

• पैसे दिल्यावर : पावती घ्यावी. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलं आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915. पावती नसेल तर तक्रारीला आधार राहत नाही.

• भरती झालेल्या पेशंटचे कागद मागितले तर डॉक्टरने ते 72 तासांत द्यायचे असतात, हाही 2002 चाच नियम आहे.

फी विचारणं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणं नव्हे. बी-बियाणं घेताना भाव विचारतो, तसंच हे. संकोचापोटी माणूस विचारत नाही, मग पैसे पुरणार नाहीत या भीतीने ताप अंगावर काढतो आणि आठ दिवसांनी भरती होतो. तेव्हा लागणारा खर्च तपासणीच्या फीच्या कितीतरी पट असतो. दवाखान्याच्या दारावर फी, वेळ आणि फोन नंबर या तीन ओळी लिहिल्या तर हे टळू शकतं. ग्रामसभेत हा विषय निघाला, आपल्या भागातल्या दवाखान्यांचे दिवस-वेळा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागल्या, तर त्यासाठी कुठल्याही नव्या कायद्याची वाट बघावी लागणार नाही.