उपक्रम कमी करा, पण खरे करा : बी.एड. छात्राध्यापकांचे निवेदन

स्थळ : सातारा
दिनांक : १५ जुलै २०२४

प्रति,
मा. प्राचार्य यांस
(मार्फत : मा. विभागप्रमुख, शिक्षणशास्त्र विभाग)

विषय : शिक्षणशास्त्र विभागातील समृद्धी उपक्रमांना वेळापत्रकात तास, साधने आणि निश्चित दिशा मिळण्याबाबत.

संदर्भ : राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे विनियम २०१४, परिशिष्ट ४ (द्विवर्षीय बी.एड.).

महोदय,

आम्ही द्वितीय वर्ष बी.एड.चे छात्राध्यापक हे निवेदन आपल्याकडे सविनय सादर करीत आहोत. विभागाचे वार्षिक नियोजन याच महिन्यात पक्के होते. एकदा ते छापून भिंतीवर लागले की त्यात काही बसवणे कोणालाच जमत नाही, म्हणून आधीच लिहीत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्हाला जास्त कार्यक्रम नको आहेत. गेल्या वर्षी कार्यक्रमांची रेलचेल होती. शिक्षक दिन झाला, वाचन प्रेरणा दिन झाला, संविधान दिन, बालिका दिन, मराठी भाषा गौरव दिन, विज्ञान दिन, सगळे झाले. प्रत्येक वेळी फ्लेक्स, समई, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा लांबलचक परिचय, भाषण, आभार आणि समूहफोटो. छात्राध्यापकांच्या वाट्याला रांगोळी, खुर्च्या मांडणे आणि गणवेशाची साडी नेसून पुढच्या तीन रांगा भरणे एवढेच आले. दुसऱ्या दिवशी अहवाल फायलीत गेला. विज्ञान दिनाला आमच्यापैकी एकाच्याही हाताला परीक्षानळी लागली नाही. वाचन प्रेरणा दिनाला टेबलावर मांडलेली पुस्तके फोटो झाल्यावर पुन्हा कपाटात गेली, एकही पुस्तक कोणाच्या नावावर चढले नाही. या सगळ्यातून सूत्रसंचालन मात्र बऱ्याच जणींना चांगले जमू लागले. त्याचा उपयोग होईलही. पण सहावीच्या वर्गात सोमवारी सकाळी काय घेऊन जायचे, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते. २०१५-१६ पासून ते दोन वर्षांचे झाले. त्यामागे न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल होता आणि तो आयोग सर्वोच्च न्यायालयाने नेमला तो महाराष्ट्रातल्याच डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून. म्हणजे हे दुसरे वर्ष एका अर्थी आपल्या राज्याच्या अनुभवातूनच देशाला मिळाले. घाईघाईत पाठ उरकून शिक्षक तयार होत नाही, त्याला वाचायला, पाहायला, हाताने करून बघायला आणि शाळेत राहायला वेळ हवा, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या घरच्यांनी त्या जादा वर्षाची फी भरली आहे. तो वेळ फायली सजवण्यात जात असेल, तर दुसऱ्या वर्षाचे प्रयोजन काय, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे असे आम्ही मानतो.

आमची पहिली मागणी तासांची. विनियमांत आठवड्याला किमान ३६ तासांचे काम आणि वर्षाला किमान २०० कामाचे दिवस धरले आहेत. त्यात समृद्धी उपक्रमांना आपल्या वेळापत्रकात एकही चौकट नाही. ते होतात चारनंतर, नाहीतर पद्धतीचा तास रद्द करून. चारनंतर थांबायचे म्हटले की कोरेगाव, मेढा, वाठारच्या मुलींची एस.टी. चुकते. त्या निघून जातात आणि मग ‘यांना उत्साहच नाही’ असा शेरा ऐकावा लागतो. पद्धतीचा तास रद्द केला तर पाठाचे मार्गदर्शन मागे पडते आणि टाचण रात्री एकमेकींच्या वहीतून उतरवले जाते. तरी दर बुधवारचे शेवटचे दोन तास या कामासाठी राखून ते छापील वेळापत्रकात दाखवावेत, आणि सूक्ष्म अध्यापन किंवा सेतुपाठ मागे राहिले म्हणून ते तास काढून घेऊ नयेत.

दुसरी मागणी एका किल्लीची आहे. विभागात कला साधन कक्ष आहे. त्यात हार्मोनियम आहे, हातबाहुल्या आहेत, भूमितीच्या लाकडी आकृत्या आहेत, एक चांगला पृथ्वीगोल आहे. पाहणी समिती आली त्या दिवशी कक्ष उघडला, आम्हाला बाहुल्या हातात धरून बसवले आणि समिती गेल्यावर कुलूप पुन्हा लागले. साहित्य हरवेल किंवा मोडेल, ही कार्यालयाची काळजी आम्ही समजू शकतो, कारण जडसंग्रह नोंदवहीत उत्तर त्यांनाच द्यावे लागते. यावर उपाय म्हणून छात्राध्यापकांची पाळी लावावी, देवघेवीची वही ठेवावी, मोडले तर दुरुस्ती आम्ही करून देऊ. पण सराव पाठाच्या आठवड्यात तरी कक्ष सकाळी उघडा राहावा. बाहुली मोडली तर ती वापरली गेली होती, एवढे तरी कळेल.

तिसरी मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विनियमांत संस्थेने करावयाच्या गोष्टींमध्ये शैक्षणिक समृद्धीचे कार्यक्रम आणि मूळ विद्याशाखांच्या प्राध्यापकांशी संवाद, असा स्पष्ट उल्लेख आहे. बाहेरगावच्या स्वतंत्र बी.एड. महाविद्यालयांना यासाठी पाहुणे शोधावे लागतात. आपला विभाग कला आणि विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात आहे. वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा मैदानापलीकडे दिसते. गेल्या वर्षभरात आम्ही तिच्या दारात गेलो नाही आणि तिथले कोणी आमच्याकडे आले नाही.

याचा फटका कसा बसतो ते सांगतो. शालेय अनुभवाच्या काळात आमच्या एका सहकारी छात्राध्यापिकेने सातवीला वनस्पतींच्या पोषणावर पाठ घेतला. टाचण चोख होते, उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे सगळी जागच्या जागी. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘बाई, कासवर किडं खाणारी फुलं हायेत, मग ती पण हिरवीच का?’ हा मुलगा कास पठाराच्या रस्त्यावरच्या गावातला. त्याने गवती दवबिंदू पाहिला होता, सीतेची आसवेही पाहिली होती. बाईंनी ‘छान प्रश्न’ म्हणून पुढचा मुद्दा घेतला, कारण उत्तर त्यांना येत नव्हते. बी.एस्सी. होऊन सहा वर्षे झाली, मधे लग्न, मूल. खरे तर उत्तर अवघड नाही. कासचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचे कवच, त्यावर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात साचलेले पाणी. अशा जमिनीत नत्रासारखी पोषकद्रव्ये फार थोडी. ही झाडे हिरवी आहेत, म्हणजे अन्न स्वतःच तयार करतात. किडा ती खातात ते जमिनीत न मिळणारे द्रव्य मिळवायला. वनस्पतिशास्त्राच्या एका सरांनी हे कॅन्टीनमध्ये दहा मिनिटांत समजावून सांगितले, तेही पाठ होऊन गेल्यावर.

तरी वर्षातून निदान सहा सत्रे या आवारातल्याच इतर विभागांच्या प्राध्यापकांनी घ्यावीत. ती भाषणे नकोत. पाठ्यपुस्तकातले प्रकरण समोर ठेवून ‘यात मुले कुठे अडतात आणि का’ यावर बोलणे हवे. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये विज्ञान आणि भूगोल पद्धतीचा गट वनस्पतिशास्त्र विभागाबरोबर कासला जावा. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात २०१२ साली समाविष्ट झालेले हे पठार आपल्या उंबऱ्यात आहे आणि मुंबई-पुण्याहून लोक ते पाहायला येतात. इतिहास पद्धतीला अजिंक्यतारा आहे. मराठी पद्धतीला वाईचे मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे, पुस्तकांचे गाव भिलार आहे. नायगाव, सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव, याच जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात आहे. आम्ही दर ३ जानेवारीला प्रतिमेला हार घालतो, नायगावला मात्र एकदाही गेलो नाही. सहल म्हणून महाबळेश्वरला गेलो होतो.

चौथी मागणी वाचता न येणाऱ्या मुलांविषयी. आंतरवासितेचे १६ आठवडे दुसऱ्या वर्षी येतात आणि आपल्याकडे ते बरेचसे साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात पडतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुले या काळात आसपासच्या शाळांत बसतात. त्यांतली काही घरी गोरमाटी बोलतात. सहावीच्या पटावर असलेल्या पण जोडाक्षरापाशी अडणाऱ्या मुलासमोर आमचे टाचण काही कामाचे नसते. त्यात ‘कवितेचा आशय स्पष्ट करतो’ असे उद्दिष्ट असते आणि मूल ‘प्र’ पाशी थांबलेले असते. अशा मुलाला घेऊन बसायचे कसे, कोणत्या शब्दांपासून सुरुवात करायची, त्याच्या घरची भाषा वर्गात कशी येऊ द्यायची, हे आम्हाला कोणी दाखवलेले नाही.

फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि तिच्या कमला निंबकर बालभवनाने मुलांना वाचायला शिकवण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. दोन्ही ठिकाणे एस.टी.च्या टप्प्यात आहेत. आंतरवासिता सुरू होण्याआधी आमच्या गटाला यांपैकी एका शाळेत सलग तीन दिवस वर्ग पाहू द्यावेत. एका दिवसाची ‘भेट’ नको. भेटीत शाळा आपल्याला चहा देते आणि आपण शाळेला स्मृतिचिन्ह.

आंतरवासितेतल्या मोकळ्या तासांचाही विचार व्हावा. शिक्षक रजेवर असले की आम्हाला त्या वर्गावर ‘मुले गप्प ठेवा’ म्हणून पाठवले जाते. हे तास आम्हाला हवेच आहेत. फक्त त्यात काय करायचे याची तयारी विभागाने करून घ्यावी : गोष्ट सांगणे, कागदकाम, शब्दखेळ, परिसरातले मोजमाप, ‘किशोर’चे अंक वाचून दाखवणे. पुण्याच्या आयुकातील विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची जी खेळणी दाखवली, ती करायला फार खर्च येत नाही. एका बुधवारी दहा खेळणी करून पाहिली तर मोकळा तास ओझे वाटणार नाही.

शिक्षणातील नाट्य व कला हा विषय तर अभ्यासक्रमातच आहे. तरी त्याची वही बहुतेकांनी आधीच्या तुकडीच्या वहीवरून भरली. जिल्ह्यात भारुड करणारे, गोंधळ घालणारे कलाकार आहेत. त्यांतल्या कोणाला तरी मानधन देऊन दोन दिवस बोलवावे आणि आम्हाला उभे राहून करायला लावावे.

मूल्यमापनाबाबत. उपक्रमाचे अंतर्गत गुण फायलीच्या सजावटीवर देऊ नयेत. कार्डशीट, लेस आणि रंगीत प्रिंटवर होणारा खर्च काही जणींना खरोखर झेपत नाही आणि फाइल सजलेली दिसायला हवी म्हणून त्या उसने पैसे घेतात. त्याऐवजी एका पानाचे टिपण मागावे : काय पाहिले, वर्गात काय करून पाहिले, काय फसले. फसले हे लिहिल्याबद्दल गुण कापू नयेत.

पैशांविषयीही स्पष्ट बोलतो. प्रवेशाच्या वेळी उपक्रम आणि सहल या नावाने शुल्क घेतले जाते. ते कशावर खर्च झाले याचा तक्ता वर्षाअखेर सूचनाफलकावर लावावा, एवढीच मागणी आहे, संशय नाही. फ्लेक्स, हार आणि स्मृतिचिन्हांवरचा खर्च निम्मा केला तरी वरील बहुतेक गोष्टी होतील असा आमचा अंदाज आहे. एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे आणि आमच्या तुकडीत मुलीच जास्त आहेत.

हे निवेदन लिहिताना आमच्यात एकमत नव्हते, तेही आपल्यापासून लपवत नाही. काही जणांचे म्हणणे असे की समृद्धी वगैरे नंतर, आधी टीईटी आणि अभियोग्यता चाचणीचे वर्ग घ्या. पवित्र पोर्टलवर गुण बघतात, बाहुल्या कोणी बघत नाही. हे म्हणणे खोटे नाही. ज्याला दोन वर्षांनंतर घर चालवायचे आहे त्याने असे म्हणणे स्वाभाविक आहे. म्हणून अशा मार्गदर्शनासाठी शनिवारचा वेगळा वर्ग ऐच्छिक ठेवावा अशी विनंती आहे. मात्र त्याची नोंद समृद्धी उपक्रम म्हणून होऊ नये. नाहीतर बुधवारचे दोन तासही हळूहळू प्रश्नपत्रिका सोडवण्यात जातील.

आमच्याकडून काय करू तेही सांगतो. ग्रंथालयातली विभागाची पुस्तके पाळीने लावू. ‘जीवन शिक्षण’ आणि ‘पालकनीती’ची वर्गणी विभागाने भरल्यास दर पंधरवड्याला एका लेखावर चर्चा ठेवू. प्रत्येक शाळाभेटीचे टिपण प्रथम वर्षाच्या तुकडीसाठी जपून ठेवू.

वार्षिक नियोजन अंतिम होण्यापूर्वी विद्यार्थी प्रतिनिधींना पंधरा मिनिटे चर्चेची वेळ द्यावी. या मागण्यांपैकी ज्या मान्य करणे शक्य नसेल त्यांची कारणे लेखी कळवावीत, म्हणजे पुढच्या तुकडीला तेच निवेदन पुन्हा लिहावे लागणार नाही. बुधवारचे तास आणि कला साधन कक्षाची किल्ली या दोन गोष्टींना खर्च काहीच नाही. त्यांचा निर्णय ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात व्हावा, ही विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
विद्यार्थी प्रतिनिधी आणि द्वितीय वर्ष बी.एड.चे छात्राध्यापक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी :
मा. सचिव, संस्था कार्यालय
मा. समन्वयक, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष
मा. समन्वयक, विद्यार्थी तक्रार निवारण समिती