दुसऱ्याच्या पासवर्डमागे धावताना

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. अमेरिकी कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकेतल्या लोकांना फोनवर धमकावायचे आणि पैसे उकळायचे, असा तो धंदा होता. पलीकडचा माणूस दिसत नसला की गुन्हा हा गुन्हा वाटेनासा होतो. कुणाचे इन्स्टाग्राम उघडायचे ‘टूल’ मोबाइलवर शोधणाऱ्यालाही तसेच वाटते.

शोधणारे सगळेच गुन्हेगार नसतात. कुणाला जोडीदाराचा संशय असतो, कुणाचे प्रेम तुटलेले असते, कुणाला स्वतःचेच गेलेले अकाउंट परत हवे असते. ही घालमेल खरी आहे, आणि फसवणारे नेमके तिच्यावरच जगतात.

फक्त युजरनेम टाका, पासवर्ड मिळेल, असे सांगणारे टूल खोटेच असते. मोठ्या कंपन्या सहसा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाहीत. मग डाउनलोड केलेली फाइल तो आणणार कुठून? उलट ‘अँटिव्हायरस आधी बंद करा’ अशी सूचना मिळते. ती पाळली की ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज चोराकडे जातात. चालू लॉगिनची कुकी हाती लागली की पुष्कळदा ओटीपीसुद्धा विचारला जात नाही. अँड्रॉइडवर बाहेरून घेतलेल्या एपीकेला एसएमएस वाचायची परवानगी दिली, तर बँकेचा ओटीपीही गेला.

जानेवारी २०२५ मध्ये क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने असेच एक प्रकरण उघड केले. दुसऱ्यांच्या संगणकाचा ताबा घेण्यासाठी वापरले जाणारे ‘एक्सवर्म’ तयार करायचे साधन कुणीतरी फुकट वाटले होते. त्यातच सापळा होता. १८,४५९ संगणक बाधित झाले, आणि सर्वाधिक फटका बसलेल्या देशांत भारतही होता. बळी पडले ते प्रामुख्याने हॅकिंगची हौस असलेले नवशिके.

अशा माणसाची खरी कोंडी पुढे होते. तक्रार करायची तर टूल कशासाठी घेतले, हे सांगावे लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये अप्रामाणिकपणे शिरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मग लाजेपोटी, भीतीपोटी तो गप्प बसतो आणि तेवढ्या वेळात खाते रिकामे होते.

ज्यांनी असे काही डाउनलोड केले असेल त्यांनी गप्प बसू नये. ते उपकरण इंटरनेटपासून तोडा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. स्वतःचे अकाउंट गेले असेल, तर ते परत मिळवायची सोय इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या अधिकृत मदत पानांवर विनामूल्य आहे. आणि घरातले पोर असे काही करताना सापडले, तर हात उगारण्याआधी त्याच्याशेजारी बसून आधी पासवर्ड बदलून घ्या.