ताटातला धान्याचा भार

गेल्या श्रावणातील एका सोमवारची गोष्ट. सायंकाळी उपवास सोडण्यासाठी घरातली सारी मंडळी पानांवर बसली होती. वरण-भात, वालाचे बिरडे, अळूचे फदफदे, पोळी आणि कडेला लिंबाची फोड. थोरल्या बंधूंनी पहिला घास घेण्यापूर्वी खिशातून मोबाइल काढला आणि भात किती, तूप किती याची नोंद ते करू लागले. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या सुरू होऊन तीन वर्षे झाली आहेत आणि दिवसाला १६०० उष्मांकांची मर्यादा त्यांनी स्वतःला घालून घेतली आहे. दुपारच्या साबुदाण्याच्या खिचडीनेच त्यातला चांगला मोठा वाटा खर्ची पाडला होता. समोर बसलेल्या त्यांच्या चिरंजीवांनी मात्र भाताची मूद आणि पोळी, दोन्ही बाजूला सारली. "बाबा, भात-पोळी बंद केली की मोजत बसायची गरजच उरत नाही," असे त्याचे म्हणणे. "अरे, शेवटी हिशेब तो हिशेबच," असे बंधूंचे उत्तर. वहिनी हातात वाढणी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "मग उद्या मी शिजवू तरी काय?" दोन्ही पानांवरून परत गेलेला भात कुणाच्या वाट्याला गेला, हे त्या रात्री कुणी पाहिले नाही.

हा वाद आज घरोघरी चालू आहे. वजन घटवायचे तर उष्मांक मोजावेत की कर्बोदके, म्हणजे धान्य, बटाटा, साखर वर्ज्य करावी? प्रस्तुत लेखक वैद्यकाचा पदवीधर नव्हे. परंतु या विषयावर उपलब्ध असलेले संशोधन वाचल्यावर त्याचे मत असे झाले आहे की, दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरेचसे बरोबर आहेत आणि दोघांचेही लक्ष समोरच्या ताटाकडे नाही.

उष्मांकांचा पक्ष आधी पाहू. विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिडलटाउन येथे माणूस आत राहू शकेल अशी बंदिस्त खोली उभारली आणि खाल्लेल्या अन्नातून शरीर किती ऊर्जा मिळविते व खर्चते याचे मापन केले. कर्बोदके व प्रथिने यांच्या एका ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला ९ उष्मांक हे त्यांचे गुणक आजही बिस्किटाच्या पुड्यावरील आकड्यांच्या मुळाशी आहेत. पुढे १९१८ साली लुलू हंट पीटर्स या अमेरिकी डॉक्टर महिलेने पुस्तक लिहून हे मोजमाप गृहिणींच्या हाती दिले. शास्त्र म्हणून यात काही खोट नाही. खर्चाहून जमा अधिक झाली की शरीर ती मेदाच्या रूपाने साठविते, हा नियम कुणालाही चुकलेला नाही.

अडचण आहे ती हिशेबनिसाची. १९९२ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी 'आम्ही मोजके खातो तरी वजन उतरत नाही' अशी तक्रार असलेल्या स्थूल व्यक्तींची तपासणी केली. तेव्हा त्या आपला आहार प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्के कमी सांगत असल्याचे आढळले. यात लबाडी होती असे समजण्याचे कारण नाही. मनुष्याचा स्वभावच तसा आहे. त्यात आपले स्वयंपाकघर! येथे फोडणीचे तेल डोळ्यांच्या अंदाजाने पडते आणि एका चहाच्या चमच्याभर तेलात ४५ उष्मांक असतात. कालची आमटी दाट, आजची पातळ. पोळीला आतून तेल लावले की नाही, हे खाणाऱ्याला ठाऊकच नसते. 'एक वाटी भाजी' अशी मोबाइलमध्ये नोंद करणे म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी घरची भाजी आपल्या नावावर मांडणे होय.

दुसरा पक्षही आज वाटतो तितका नवा नाही. लंडनमधील विल्यम बँटिंग या अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यावसायिकाने पाव, साखर, बिअर आणि बटाटा सोडून वर्षभरात सुमारे ४६ पौंड वजन घटविले आणि १८६३ साली त्याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. तेथपासून १९७२ साली आलेल्या डॉ. अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकापर्यंत आणि आजच्या 'कीटो'पर्यंत सूत्र तेच आहे. या मार्गाने पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो वजन उतरते आणि माणूस भारावून जातो. पण त्यातले बरेचसे पाणी असते. यकृतात व स्नायूंत साठविलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपला की पाणीही जाते, आणि चार दिवस भात खाल्ला की दोन्ही परत येतात. पुतण्याच्या उत्साहात या पाण्याचा वाटा किती, हे त्याला सांगण्याचे धैर्य अद्याप मला झालेले नाही.

मग श्रेष्ठ कोण? या प्रश्नाचे पुरेसे स्पष्ट उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली दिले. ६०९ प्रौढांना दोन गटांत विभागून वर्षभर एका गटाला कमी कर्बोदकांचा, तर दुसऱ्याला कमी स्निग्धांचा आहार दिला गेला. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी ६ किलोने आणि दुसऱ्याचे ५.३ किलोने घटले होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य होय. प्रत्येक गटात काहींचे वजन वीस-पंचवीस किलोंनी उतरले, तर काहींचे चक्क वाढले. कुणाला कोणता आहार मानवेल हे जनुकांवरून वा इन्सुलिनच्या मोजमापावरून आधी सांगता आले नाही. या प्रयोगातील खरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. कुणालाही उष्मांक मोजावयास सांगितलेले नव्हते. साखर व मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवून खा, एवढेच दोन्ही गटांना बजावले होते. तेवढ्याने दोन्ही गटांचे खाणे आपोआप आटोक्यात आले. तेव्हा वजनकाट्यापुरता हा वाद मिटला आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

परंतु आपला प्रश्न केवळ वजनकाट्याचा नाही, आणि येथेच परदेशातील वाद जसाच्या तसा उचलून आणण्यात धोका आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीशी वजनाचे प्रमाण दाखविणारा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. म्हणजे काट्याच्या दृष्टीने दोघेही सडपातळ. शरीरातील मेद मात्र इंग्रज डॉक्टरांचा ९.१ टक्के आणि पुण्याच्या डॉक्टरांचा २१.२ टक्के! बाहेरून बारीक आणि आतून मेदयुक्त अशी आपली ठेवण असून ती जन्मतःच दिसू लागते, हे डॉ. याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या बालकांच्या अभ्यासातून दाखविले आहे. अशा शरीराला स्नायू हवेत, म्हणजेच प्रथिने हवीत आणि हालचाल हवी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतील कितीतरी जण कुणाच्याही नजरेला लठ्ठ दिसणार नाहीत.

आता ताटाकडे वळू. याच पाहणीतील १ लाख २१ हजार लोकांच्या आहाराचे विश्लेषण २०२५ साली पुढे आले. भारतीय माणूस दिवसाच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून मिळवितो आणि प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्क्यांच्या आसपास आहे. पोळीने बटाट्याची भाजी खायची, ती संपली की वरणभात, मधल्या वेळी पोहे आणि चार वाजता चहाबरोबर बिस्किटे, असा आपला दिवस. यात धान्य नाही असा प्रहर कोणता? 'आमच्याकडे आमटी रोज असते' असे कुणी म्हणेल. पण वाटीभर पातळ आमटीत डाळ वीस ग्रॅमही नसते आणि प्रथिने चार ग्रॅमच्या पुढे जात नाहीत.

भाकरीविषयीचा एक गोड गैरसमज येथे दूर करावयास हवा. पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली की वजन उतरते, अशी श्रद्धा शहरांतून फार वाढली आहे. ज्वारी उत्तम धान्य आहे, तिच्यात चोथाही चांगला आहे. पण ज्वारी काय, गहू काय, तांदूळ काय, १०० ग्रॅम कोरड्या धान्यात साधारण साडेतीनशेच्या घरातच उष्मांक असतात. उपरोक्त विश्लेषणात तर असे दिसले की, कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच ठेवून मैद्याऐवजी वा पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ वापरल्याने मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे आढळत नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून त्या जागी डाळी-कडधान्यांतील किंवा दुधा-दह्यातील प्रथिने आणली, तर मात्र धोका घटलेला दिसतो.

उपवासाविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते, पण लिहिलेच पाहिजे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिकडचाच. हे दोन्ही पाहुणे आपल्या उपवासाच्या पानावर यजमान होऊन बसले आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. पचनाला विश्रांती आणि जिभेला संयम हा उपवासाचा हेतू असेल, तर शेंगदाणे व तूप घातलेली त्याची खिचडी त्या हेतूशी जुळत नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तरी हे मान्य करावे. आजोबांच्या ताटाची थोरवी सांगताना आजोबांचे रोजचे चालणे आपण सोयीस्करपणे विसरतो, हेही त्यातच आले.

याचा अर्थ पाश्चात्त्य धर्तीचा, मांस आणि चीज यांवर उभा असलेला आहार आपण उचलावा असा मुळीच नाही. शाकाहारी घरात त्याचे रूपांतर पनीर आणि लोण्यात होते. ते खिशाला परवडत नाही आणि फार दिवस टिकतही नाही. शिवाय, ज्यांच्या घरी धान्यच मुख्य आहे त्यांनी ते हौसेने निवडलेले नाही. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला, तसा डाळीचा दिलेला नाही. आहाराचे सल्ले देणाऱ्यांनी वाण्याच्या दुकानातील तुरीचा भाव एकदा विचारून पाहावा.

एक इशारा मात्र देणे अगत्याचे आहे. बंधूंच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी कुणाचे तरी व्याख्यान ऐकून एका दिवसात भात-पोळी सोडली. इन्सुलिनची मात्रा मात्र तीच ठेवली. पहाटे घामाने डबडबलेले आणि असंबद्ध बोलत असलेले ते पत्नीला आढळले. वेळीच साखर पोटात गेली म्हणून निभावले. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी तर कडक कीटोच्या वाटेला जाऊच नये. रक्तशर्करा फारशी वाढलेली न दिसताही त्यांच्या रक्तात आम्लता वाढून जीवावर बेतू शकते. आहार बदलायचा तर आधी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत धान्याचा वाटा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत आणावा असे म्हटले आहे. आपल्या ताटाच्या भाषेत सांगायचे तर तीन पोळ्यांच्या दोन कराव्यात, भाताची मूद निम्मी करावी आणि मोकळ्या झालेल्या जागी मटकीची दाट उसळ, पिठले, घट्ट वरण, दही, कोशिंबीर यावे. जे खातात त्यांनी अंडे वा मासळी घ्यावी. यासाठी मोबाइल लागत नाही, की निराळा स्वयंपाक करावा लागत नाही. लागते ती आग्रहाची सवय बदलणे. पंगतीत जिलबीचा आग्रह होतो, मसालेभाताचा होतो. "आणखी एक वाटी उसळ घ्याच" असा आग्रह झालेला मी आजवर ऐकलेला नाही.

आमच्या घरी हा बदल दिवाळीनंतर सुरू झाला. बाप-लेकांचा वाद थंडावला, कारण दोघांनाही एकाच पातेल्यातले वाढले जाऊ लागले. त्या निमित्ताने घरातल्या सर्वांचीच रक्ततपासणी करून घ्यावी असे ठरले. तीन महिन्यांच्या सरासरी शर्करेचा बंधूंचा आकडा ६.९ आला. गेली कित्येक वर्षे सर्वांच्या शेवटी बसून, उरलेला भात आणि उरलेल्या पोळ्या 'टाकायच्या कशा' म्हणून संपवीत आलेल्या वहिनींची ही पहिलीच तपासणी होती. त्यांचा आकडा ८.१ आला.