नाव कुणाचं, नाड्या कुणाच्या हाती?



या अंकाचं संपादकीय बायकांच्या एका गोल्फ स्पर्धेवर लिहायचं, असं बैठकीत निघालं तेव्हा आमच्यातच दोन तट पडले. “हंडाभर पाण्यासाठी बाया वणवण करतात आणि आपण हिरवळीवरच्या श्रीमंती खेळावर लिहायचं?” असं एकीनं विचारलं. प्रश्न रास्तच होता. गोल्फ हा जमीन, पाणी आणि पैसा या तिन्हींची उधळण करणारा खेळ आहे. ज्या स्पर्धेबद्दल आम्ही लिहीत आहोत ती पन्नास वर्षं वाळवंटात हिरवळ पिकवून खेळली गेली. हे नजरेआड करून आम्हाला काहीच म्हणायचं नाही.

तरीही लिहायचं ठरलं. ७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ आठवते का? टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक खेळत होती. तिची गोल्फची बॅग खांद्यावर घेऊन तिची आई सोबत चालत होती. अदिती चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं. आपल्यातल्या कितीतरी जणींनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिला. अदिती एरवी खेळते ती अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या, म्हणजे एलपीजीएच्या स्पर्धांमध्ये. त्यातल्या एका जुन्या स्पर्धेचा इतिहास आम्ही वाचत गेलो, आणि वाचता वाचता आमच्याच संस्थांचे हिशेब डोळ्यांसमोर यायला लागले.

ही संघटना १९५० साली तेरा बायकांनी उभी केली. त्या स्वतःच्या मोटारी चालवत गावोगाव जायच्या. मैदानाची आखणी त्याच करायच्या, नियमांचा निवाडा त्याच करायच्या, बक्षिसाचे चेकही त्याच लिहायच्या आणि मग स्वतः खेळायला उतरायच्या. आपल्या चळवळीत हे चित्र कुणाला अनोळखी नाही. सतरंजी अंथरणारी, माईक लावणारी आणि भाषण करणारी बाई एकच! अर्थात त्या तेराही जणी गोऱ्या होत्या. टेनिसमध्ये विम्बल्डन जिंकलेली आल्थिया गिब्सन ही पहिली काळी स्त्री या संघटनेत आली ती १९६४ साली, आणि तेव्हाही काही क्लब तिला आपल्या इमारतीत पाऊल ठेवू देत नव्हते. ‘बायकांची संघटना’ म्हटलं की सगळ्या बायका आपोआप आत येत नाहीत, हेही इथंच नोंदवून ठेवू.

१९७२ साली या संघटनेच्या दारी मोठा पैसा आला. कोलगेट-पामोलिव्ह कंपनीचे प्रमुख डेव्हिड फॉस्टर यांनी कॅलिफोर्नियात, पाम स्प्रिंग्जजवळच्या रँचो मिराज इथल्या मिशन हिल्स क्लबमध्ये बायकांची स्पर्धा सुरू केली. बक्षिसांची एकूण रक्कम एक लाख दहा हजार डॉलर. बायकांच्या गोल्फमध्ये इतका पैसा तोवर कुणी पाहिला नव्हता. पहिली स्पर्धा जेन ब्लॅलॉकनं जिंकली आणि तिला सुमारे वीस हजार डॉलर मिळाले.

कंपनीला एवढा उमाळा का आला? आपल्या घराघरात जिची टूथपेस्ट पोचली आहे तीच ही कंपनी. दंतमंजन काय, साबण काय, दुकानात जाऊन विकत घेते ती बाई. तेव्हा बाईला बाईकडूनच माल विका, असा सरळ हिशेब होता. कंपनीच्या जाहिरातींत गोल्फ खेळाडू झळकू लागल्या. आणि स्पर्धेला नाव दिलं डायना शोअर हिचं. ही अमेरिकेतली लोकप्रिय गायिका आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमांची सूत्रधार. लहानपणी तिला पोलिओ झाला होता, त्यातून ती सावरली. खरं तर ती टेनिस खेळायची. गोल्फ शिकली ती या स्पर्धेमुळे, आणि मग त्या खेळात आणि खेळाडूंच्यात मनापासून रमली. कंपनीसाठी ती एक चेहरा होती. खेळाडूंची मात्र ती मैत्रीण झाली.

पहिल्या स्पर्धेनंतर लवकरच एक वादळ उठलं. दुसऱ्या एका स्पर्धेत चेंडूची जागा खूण करताना जेन ब्लॅलॉकनं लबाडी केली, असा आरोप झाला. संघटनेच्या कार्यकारिणीनं तिला वर्षभर खेळायला बंदी केली. कार्यकारिणीत होत्या कोण? तिच्याबरोबर खेळणाऱ्याच बायका. ती बाहेर राहिली तर बक्षिसाच्या पैशात ज्यांचा वाटा वाढणार, त्याच तिच्या न्यायाधीश! ब्लॅलॉक मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोर्टात गेली आणि १९७३ साली कोर्टानं नेमक्या याच मुद्द्यावर तिच्या बाजूनं निकाल दिला. चेंडू हलला होता की नाही हा प्रश्न कोर्टानं सोडवला नाही. प्रतिस्पर्ध्यांनी प्रतिस्पर्ध्याचा निवाडा करायचा नाही, एवढंच सांगितलं. दोन वर्षांनी, १९७५ साली, संघटनेनं बाहेरचा माणूस पहिला आयुक्त म्हणून नेमला.

या प्रकरणावर आमची बैठक तासभर रेंगाळली. आपल्या संस्थांमध्ये एखादीबद्दल तक्रार आली तर निवाडा कोण करतं? तिच्याबरोबर रोज काम करणाऱ्या, तिच्यावर रागावलेल्या किंवा तिच्यावर जीव असणाऱ्या आपणच ना? ‘आम्ही सगळ्या मैत्रिणी आहोत, आम्हाला नियम कशाला?’ असं म्हणता म्हणता किती जणी गुपचूप चळवळीबाहेर गेल्या, हे आपण मोजलेलं नाही. तेरा बायकांची घरगुती व्यवस्था जोवर पैसा थोडा होता तोवर चालली. पैसा आणि पद आलं की नियम लागतात, आणि ते भांडण सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवावे लागतात.

आता कोलगेटचं पुढे काय झालं ते पाहा. १९७९ साली फॉस्टर कंपनीतून गेले आणि कंपनीनं खेळांवरचा हात आखडता घेतला. एका माणसाच्या मर्जीनं आलेला पैसा त्या माणसाबरोबर गेला. १९८२ पासून नाबिस्को ही बिस्किटांची कंपनी पुढे आली. १९८३ पासून ही स्पर्धा बायकांच्या प्रमुख स्पर्धांपैकी एक मानली जाऊ लागली. १९९४ च्या फेब्रुवारीत डायना शोअर वारली. १९९९ पर्यंत तिचं नाव स्पर्धेच्या नावात राहिलं. २००० साली ते काढलं. २००२ पासून क्राफ्ट नाबिस्को, २०१५ पासून एएनए ही जपानी विमान कंपनी, २०२२ पासून शेव्हरॉन ही तेल कंपनी. टूथपेस्ट, बिस्किट, चीज, विमान, तेल! दर वेळी दाराची पाटी बदलली. डायनाचं नाव उरलं ते चषकाला आणि मिशन हिल्सच्या मैदानाला. लग्न झालं की नाव बदलणाऱ्या आपल्या बायकांना हे नव्यानं सांगायला नको. ज्याच्या घरात राहायचं, त्याचं नाव लावायचं!

पण याच स्पर्धेभोवती बायकांनी काही गोष्टी स्वतः उभ्या केल्या. १९८८ साली एमी अल्कॉट जिंकली आणि आनंदाच्या भरात शेवटच्या हिरवळीजवळच्या तळ्यात तिनं उडी मारली. १९९१ साली ती पुन्हा जिंकली, तेव्हा पंच्याहत्तरीला आलेली डायना तिच्याबरोबर तळ्यात उतरली. डायना गेली त्या वर्षी डोना अँड्र्यूजनं तिच्या आठवणीसाठी उडी मारली आणि मग ती प्रथाच पडली. हे कुठल्याही जाहिरात कंपनीनं सुचवलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. ऐंशीच्या दशकात ही स्पर्धा पाहायला देशभरातून स्त्रिया येऊ लागल्या. त्यात स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येनं होत्या. एरवी गावात, कचेरीत, घरात तोंड मिटून राहणाऱ्या या बायकांना वर्षातले चार दिवस मोकळा श्वास घेण्याची ही जागा वाटू लागली. १९९१ पासून त्याला रीतसर मेळाव्याचं रूप आलं. त्याचं नाव ‘द डायना’! संघटना आणि प्रायोजक मात्र या मेळाव्यापासून चार हात लांब राहिले. ‘आमच्या मुली सभ्य आहेत, बायकी आहेत’ हे दाखवण्याची त्यांना कोण धडपड! १९९५ साली बेन राइट या टीव्ही समालोचकाचे उद्गार वृत्तपत्रात छापून आले. समलिंगी खेळाडूंमुळे बायकांच्या गोल्फचं नुकसान होतं आणि स्तनांमुळे बायकांना नीट फटका मारता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ते नाकारलं, वाहिनीनं आधी त्यांची पाठराखण केली आणि पुढच्या वर्षी त्यांना बाजूला केलं. अशा हवेत १९९६ साली मफिन स्पेन्सर-डेव्हलिन आणि २००४ साली रोझी जोन्स यांनी आपण समलिंगी आहोत हे जाहीरपणे सांगितलं. प्रायोजकाच्या पैशावर पोट असताना असं बोलायला काय लागतं, हे आपण जाणतो.

तिसरी गोष्ट पाळणाघराची. १९९३ पासून एलपीजीएच्या दौऱ्याबरोबर गावोगाव फिरणारं पाळणाघर सुरू झालं. आई मैदानावर, मूल सांभाळणाऱ्या ओळखीच्या बायांपाशी. रोजगार हमीच्या कामावर पाळणाघराची मागणी करत आपण किती मोर्चे काढले! तिथं खेळाडू आयांनाही ते आपोआप मिळालं नव्हतं. बाळंतपणाच्या वर्षात करार कापणं ही प्रायोजकांची रीतच होती. २०११ साली ही स्पर्धा जिंकलेली स्टेसी लुईस २०१८ मध्ये गरोदर राहिली, तेव्हा तिच्या एका प्रायोजकानं ठरलेली पूर्ण रक्कम देऊ केली आणि त्याची बातमी झाली. बाळंतपणात पगार मिळणं ही बातमी व्हावी, यातच सगळं आलं.

वरच्या खुर्चीत बाई बसली म्हणजे प्रश्न सुटत नाही, हेही या इतिहासात आहे. नव्वदच्या अखेरीपासून दक्षिण कोरियाच्या मुलींनी या खेळात मुसंडी मारली. २००४ साली ही स्पर्धा ग्रेस पार्कनं जिंकली. २००८ साली संघटनेनं फर्मान काढलं, की दोन वर्षं दौऱ्यावर असलेल्या खेळाडूला इंग्रजी बोलता आलं पाहिजे, नाहीतर निलंबन. कारण काय, तर प्रायोजकांच्या पाहुण्यांशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. तेव्हा संघटनेच्या पहिल्या स्त्री आयुक्त कॅरोलिन बिव्हन्स त्या खुर्चीत होत्या. एवढी टीका झाली की दोन आठवड्यांत फर्मान मागं घ्यावं लागलं.

आणि शेवटी तारीख आणि जागाही गेली. जॉर्जियातला ऑगस्टा नॅशनल हा पुरुषांच्या मास्टर्स स्पर्धेचा क्लब. २००३ साली मार्था बर्क यांच्या पुढाकारानं स्त्री संघटनांनी तिथं निदर्शनं केली, कारण क्लबात एकही स्त्री सभासद नव्हती. पहिल्या दोघींना प्रवेश मिळाला २०१२ साली. त्याच क्लबनं २०१९ मध्ये हौशी मुलींची स्पर्धा सुरू केली, ती नेमकी आपल्या या स्पर्धेच्याच आठवड्यात! उमेद असलेल्या मुली तिकडे ओढल्या गेल्या, कॅमेरेही गेले. ज्यांनी ऐंशी वर्षं दार बंद ठेवलं, त्यांनी ते उघडलं तेही बायकांच्या जुन्या घरासमोर. शेव्हरॉन आली तेव्हा बक्षिसाची रक्कम एकतीस लाखांवरून पन्नास लाख डॉलर झाली. त्याबरोबर तारीख बदलली आणि २०२३ साली स्पर्धा वाळवंट सोडून टेक्ससला गेली. २०२४ मध्ये एकूण बक्षीस ७९ लाख डॉलर होतं, विजेत्या नेली कोर्डाला १२ लाख मिळाले. त्याच महिन्यात मास्टर्सचं एकूण बक्षीस होतं दोन कोटी, विजेत्याला ३६ लाख.

स्पर्धा गेली, बायकांचा मेळावा मात्र पाम स्प्रिंग्जलाच राहिला. डायनाचं नावही त्यांनीच जिवंत ठेवलं. आम्हाला सांगायचं आहे ते एवढ्यात आलं आहे.

पैसा नको, असं म्हणण्याचा सोवळेपणा आम्ही करणार नाही. कोलगेटचा पैसा नसता तर त्या खेळाडू आणखी कित्येक वर्षं पदरमोड करत राहिल्या असत्या. काही वर्षांपूर्वी गोरेपणाचं क्रीम विकणाऱ्या एका कंपनीनं आमच्या ८ मार्चच्या मेळाव्याचा मंडप आणि जेवण देऊ केलं होतं. फलकावर वर कंपनीचं नाव, खाली आमचं. आम्ही नाही म्हटलं आणि घरून भाकरी बांधून आणल्या. पण पुढे एका निधी देणाऱ्या संस्थेचं धोरण बदललं आणि आमचं सल्लाकेंद्र सहा दिवसांवरून दोन दिवसांवर आलं, तेव्हा आम्ही काय करू शकलो? तिथं नाव आमचंच होतं, नाड्या मात्र आमच्या हाती नव्हत्या.

म्हणून प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत तीन प्रश्न घ्यावेत, असं आम्हाला वाटतं. आपला निधी उद्या बंद झाला तर आपल्या कामातलं काय उरेल? आपली तारीख, जागा आणि फलक कोण ठरवतं? आणि आपल्यातल्या एखादीवर आरोप झाला तर निवाडा कोण करणार, हे आपण कुठं लिहून ठेवलं आहे का? काय चर्चा झाली ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवतो आहोत.

– संपादक मंडळ