शिंपल्याची साक्ष

उन्हाळ्यात कैऱ्या आल्या की आम्ही मुली गंगाखेडला गोदावरीच्या वाळूतून शिंपले वेचून आणायचो. शिंपल्याची फुगीर पाठ फरशीवर घासायची. भोक पडलं की त्याच्या धारेनं कैरीची साल सरसर निघायची. त्या शिंपल्यात कधीकाळी एक जीव राहत होता आणि तो जन्मभर नदीचं पाणी गाळत होता, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

शिंपल्यातला जीव अन्नाच्या मागे धावत नाही. एका जागी राहून पाणी आत ओढतो, त्यातले बारीक कण टिपतो आणि पाणी बाहेर सोडतो. दिवसभरात कित्येक लिटर पाणी असं त्याच्यातून जातं. साहजिकच पाण्यात काय मिसळलंय, याची खूण त्याच्या अंगात सापडते. म्हणूनच १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञानं सुचवलं की, समुद्राची तब्येत पाहायला शिंपल्यांनाच पहारेकरी करावं. १९८६ पासून अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं किनाऱ्यावरचे शिंपले नियमित तपासायला घेतले. तेव्हा शोध होता तो कीटकनाशकांचा आणि विषारी धातूंचा. आता जगभरात शिंपल्यांमध्ये सूक्ष्म प्लास्टिकही शोधलं जातं. सूक्ष्म म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान, बरेचदा डोळ्यांना न दिसणारं.

आपल्या शेजारच्या गोव्यातही हे काम झालं आहे. मडगाव परिसरातून वाहत बेतूलजवळ समुद्राला मिळणाऱ्या साळ नदीच्या मुखाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाणी, गाळ, मासे आणि शिंपले तपासले. २०२१ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कालवं, शिनाणे, तिसऱ्या या सगळ्यांमध्ये प्लास्टिकचे कण मिळाले आणि त्यांत धाग्यांसारखे तंतूच जास्त होते. शिंपला गिळलेलं सगळंच काही पोटात ठेवत नाही, काही कण बाहेरही टाकतो. म्हणून नुसत्या त्याच्या साक्षीवर निकाल न देता पाणी आणि गाळही सोबत तपासावा लागतो.

यात मला काळजी वाटते ती किनाऱ्यावरच्या बायकांची. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात उतरून तिसऱ्या, कालवं काढायचं काम तिथं बरंचसं बायकाच करतात. माशाचं पोट साफ करून टाकता येतं. तिसऱ्यांचं तसं नाही, आतलं मांस अख्खंच खाल्लं जातं.

तुम्ही म्हणाल, परभणी कुठे आणि समुद्र कुठे! पण मैत्रिणींनो, आपली दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी नांदेडवरून तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला. गोव्याचा समुद्र पश्चिमेचा, आपलं पाणी जातं पूर्वेला. तिथंही कुणाच्या तरी ताटात शिंपले आहेतच.

आणि ते तंतू येतात कुठून? मासेमारीच्या जाळ्यांतून, दोरखंडांतून येतात, तसेच आपल्या धुण्यातूनही. २०१६ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं होतं की, अॅक्रिलिकच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात. अॅक्रिलिक म्हणजे लोकरीसारखं दिसणारं स्वेटरचं कृत्रिम सूत. पॉलिस्टरचंही तेच. 'धुवायला सोपी, इस्त्री नको' म्हणून आपण घेतो त्या साड्या बहुतेक याच धाग्याच्या. त्या टाकून द्या असं मी म्हणणार नाही, घरखर्चाचं गणित मलाही कळतं. पण थोडे थोडे कपडे चारदा धुण्यापेक्षा मशीन भरून एकदा धुणं, गरम पाणी टाळणं, नवी खरेदी करताना सुती कापडाकडे वळणं एवढं तर जमेल?

दुसरी गोष्ट सांगताना थोडं अवघडायला होतं. आपण गंगेची ओटी भरतो. खण, नारळ, कधी साडी. मीही भरली आहे, प्लास्टिकच्या पिशवीतला पॉलिस्टरचा खण तसाच पाण्यात सोडून हात जोडले आहेत. तो कुजत नाही. उन्हापाण्यानं विरतो, त्याचे तंतू होतात आणि वाहत जातात. ज्या नदीला आपण आई म्हणतो, तिच्या पोटात आपणच हे घातलं.

म्हणून दोन मागण्या. एक नगरपालिकांकडे : गटारांचं पाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नका, कारण शुद्धीकरणात असे बरेचसे कण अडतात. दुसरी आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांकडे : गोदावरीच्या पात्रात शिंपले आजही आहेत. गंगाखेडच्या वर आणि खाली, दरवर्षी त्याच जागी ते तपासा आणि काय मिळालं ते आम्हाला आमच्या भाषेत सांगा.

आपल्यापुरतं बोलायचं तर, पुढच्या वेळी गंगेची ओटी हळदीकुंकू आणि फुलांनी भरू या, आणि साडी काठावरच्या एखाद्या गरजू बाईच्या हातात देऊ या. गंगामाई रागावणार नाही.